शाळेला श्रेणी देण्याआधी वर्गात बसा : शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. महोदय,

स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सार्वजनिक शाळेत माझी मुलगी सातवीत आहे. शाळा पहिली ते आठवीची. यंदाच्या तपासणीत आपण या शाळेला खालची श्रेणी दिलीत आणि पुढच्या वर्षापासून सहावी ते आठवीचे वर्ग दुसऱ्या शाळेत समायोजित करण्याचा प्रस्ताव तयार केलात. कारणं दोन सांगितली गेली : चाचणीतली सरासरी कमी, आणि पट कमी. मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. बैठकीत बोलले, लेखी निवेदन दिलं, त्याची पोच घेतली. उत्तर आलं नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. ‘खालच्या श्रेणीची शाळा’ हा शिक्का आमच्या मुलांना आणखी चार लोकांत मिरवायला लागू नये एवढीच इच्छा आहे.

माझा संबंध आधी सांगते. माझी आई विड्या वळायची. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला जाऊन माल मोजून द्यायचा, पान-तंबाखू घेऊन यायचं आणि मग दिवसभर मांडीवर सूप. घरात आम्ही तेलुगू बोलतो. वाचण्या-लिहिण्याची मराठी मला याच शाळेनं दिली. आज मी एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते, जीएसटीची कागदपत्रं तयार करते, आणि हे पत्रही लिहू शकते. शाळेवर माझा जीव आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जीव आहे म्हणून शाळा उत्तम आहे असंही मी म्हणणार नाही. गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची जागा बरेच महिने रिकामी आहे. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असतं. मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल पुढे लिहितेच.

खालची श्रेणी दिलीत एवढ्यावर माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की आपल्या अहवालात शाळेचे खरे दोषही आले नाहीत आणि खरे गुणही आले नाहीत. जे मोजायला सोपं होतं ते मोजलं गेलं.

सरासरीपासून सुरुवात करते, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे.

आमच्याकडे सहावीत मुलं तीन ठिकाणांहून येतात. काही याच शाळेत पहिलीपासून असतात. काही खासगी इंग्रजी शाळेची फी परवडेनाशी झाली म्हणून येतात, त्यांना मराठी जोडाक्षरं अडतात. काहींचे आई-वडील बांधकामावर असतात, ती वर्षाच्या मध्येच येतात आणि काम संपलं की जातात. घरची भाषा तेलुगू, कन्नड, उर्दू, लमाणी, मराठी, काहीही असू शकते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी घेऊन निवड करता येत नाही. ते बरोबरच आहे, आणि आमची शाळा दारात आलेल्या एकाही मुलाला परत पाठवत नाही. पण ज्या शाळेनं सगळ्यांना आत घेतलं, तिची सरासरी निवडून घेणाऱ्या शाळेशेजारी ठेवली तर काय दिसणार?

एक उदाहरण घ्या. एक मुलगी सहावीत आली तेव्हा दुसरीच्या पुस्तकातला उतारा अडखळत वाचत होती. मार्चपर्यंत ती पाचवीचा धडा वाचायला लागली. एका वर्षात तीन इयत्ता. पण चाचणीची प्रश्नपत्रिका सहावीची, त्यामुळे तिची श्रेणी जूनमध्ये ‘ड’ होती आणि मार्चमध्येही ‘ड’च राहिली. तिच्या शेजारचा मुलगा येतानाच सगळं वाचत होता. वर्षभरात त्याच्यात फार भर पडली नाही, पण त्याला ‘ब-१’ मिळाली. आपल्या तक्त्यात त्या मुलानं शाळेचं नाव राखलं आणि त्या मुलीनं खाली ओढलं. ज्या बाईंनी त्या मुलीला तीन इयत्ता पुढे नेलं, त्यांचं काम अहवालात कुठेही नाही.

दुसरी गोष्ट साध्या आकडेमोडीची आहे, आणि आकडे हेच माझं रोजचं काम आहे. वर्गात वीस मुलं असतील तर एकेक मूल म्हणजे पाच टक्के. चाचणीच्या दिवशी दोन मुलं तापानं आजारी पडली, किंवा दोन चांगली मुलं घर बदलून गेली, की निकाल दहा टक्क्यांनी हलतो. एवढ्या लहान वर्गाची एका वर्षाची सरासरी घेऊन शाळा घसरली की सुधारली हे कुणालाच सांगता येणार नाही. निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहायला हवेत. एखाद्या कारखान्याचा एका दिवसाचा माल बघून आम्ही वर्षाचा ताळेबंद लिहीत नाही.

राष्ट्रीय पातळीवर होणारी सर्वेक्षणं या कामाची नाहीत हेही इथेच सांगते. १२ नोव्हेंबर २०२१ चं संपादणूक सर्वेक्षण असो किंवा ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालेलं ‘परख’ सर्वेक्षण असो, दोन्ही नमुना निवडून केलेली आहेत. त्यातून जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र कळतं. आमच्या गल्लीतली शाळा कशी आहे हे त्यातून निघत नाही. तरी बैठकीत त्याच आकड्यांचा दाखला आम्हाला दिला गेला.

आता पट. पट कमी झाला म्हणजे पालकांचा विश्वास उडाला, असा अर्थ आपण लावलात. पूर्व भागात काय घडलं ते माहीत असलेला माणूस असं म्हणणार नाही. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, २००६ मध्ये घरांचा ताबा मिळाला. नंतर तिथेच रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला, त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला कामगारांना मिळाली. या बायका कुठून गेल्या? आमच्याच गल्ल्यांतून, भाड्याच्या एका खोलीतून स्वतःच्या घरात. माझ्या मुलीच्या मैत्रिणी तिकडे गेल्या, याचा मला आनंद आहे. त्या गेल्या म्हणून शाळेचा पट उतरला. त्यात शिक्षकांचा काय दोष? उरलेली काही मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात, तेही खरं. पण घर बदलून गेलेली मुलं किती आणि शाळेवर नाराज होऊन गेलेली किती, हे दाखल्याच्या अर्जांवरून एका दुपारात वेगळं काढता आलं असतं.

आणि पटाची भीती शाळेला आतून कुरतडते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयानंतर सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत आला की शिक्षकाचं पदच धोक्यात येतं. मग पद भरत नाहीत. पद भरलं नाही म्हणून गणित कच्चं राहतं, गणित कच्चं म्हणून सरासरी उतरते, आणि सरासरी उतरली म्हणून आणखी चार पालक दाखला काढतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जो शिक्षक दिलाच नाही, त्याच्या विषयाचे गुण कमी पडले म्हणून शाळेला शिक्षा करणं न्यायाचं नाही. तपासणीच्या पहिल्या पानावर ‘मंजूर पदं किती, भरलेली किती, कधीपासून रिकामी’ हे असलं पाहिजे, आणि त्यापुढे पद भरण्याची जबाबदारी कुणाची तेही.

तपासणीच्या दिवसाबद्दल लिहिताना मला खरोखर वाईट वाटतं. आदल्या दिवशी मुलांनी मैदान झाडलं. दारात रांगोळी निघाली. शिक्षक चार दिवस फायली लावत होते, फोटो चढवत होते, कारण प्रत्येक मानकाला पुरावा जोडायचा असतो. शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यमापनाच्या आराखड्यात ७ क्षेत्रं आणि ४६ गाभा मानकं होती. आता नव्या गुणवत्ता आराखड्यात मानकं १२८ झाली आहेत. हे आराखडे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी ते वाचले आहेत. शाळासिद्धीतलं एक अख्खं क्षेत्र विद्यार्थ्यांची प्रगती, संपादणूक आणि विकास असं आहे, आणखी एक समाजाच्या सहभागाचं आहे. म्हणजे मी जे मागते आहे ते कागदावर आधीपासून आहे. पण शाळेनं स्वतः माहिती भरायची आणि वरून तीच तपासायची, यात पुरावा म्हणून फोटो चालतो आणि मूल मागे पडतं. तपासणीला आलेल्या पथकानं सहावी ते आठवीच्या एकाही वर्गात पूर्ण तासिका बसून पाहिली नाही. एकाही मुलाला जवळ बसवून वाचायला सांगितलं नाही. भिंतीवरचा नकाशा मात्र सगळ्यांनी पाहिला.

एक तास बसला असतात तर काय दिसलं असतं ते सांगते. अपूर्णांकांचा छेद समान करताना एका मुलीला कळत नव्हतं. बाईंनी मागच्या बाकावरच्या मुलीला उठवलं, तिनं ते तेलुगूत सांगितलं, मग पहिलीनं फळ्यावर मराठीत सोडवून दाखवलं. वर्गात कुणी हसलं नाही. मूल चुकलं तर कुणी हसत नाही, असा वर्ग तयार करायला वर्षं लागतात. विज्ञानाला शिक्षक नाही, तरी भाषेचे सर आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन भिंग, दिवा, चुंबक मांडून बसतात. आणि दुसरी बाजूही दिसली असती : एका तासात दोनदा बाईंना मोबाइलवरची माहिती भरण्यासाठी उठावं लागलं. कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. ऑनलाइन माहिती भरणं हे शैक्षणिक काम आहे असं कुणी म्हणेलही. पण तेवढा वेळ फळा रिकामा राहतो हे तर खरं.

सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हायला हवं, हे त्याच परिशिष्टात आहे. पोषण आहारात या वयाच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य द्यायचं ठरलेलं आहे, आणि त्याची नोंद रोज ठेवली जाते, चुकली तर जाब विचारला जातो. प्रत्यक्ष शिकवल्या गेलेल्या तासांची अशी रोजची नोंद मला कुणीच दाखवू शकलं नाही. शाळेची गुणवत्ता ठरवायला मला एकच आकडा निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

स्वच्छतागृहाबद्दल थोडक्यात. अहवालात ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह : आहे’ अशी खूण आहे. आहे, खरंच आहे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे आपल्याला सांगायला नको. टाकी रिकामी झाली की ते स्वच्छतागृह असून नसल्यासारखं होतं. बारा-तेरा वर्षांच्या मुली मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि पाळीच्या दिवसांत घरी थांबतात. हजेरीपटात ते ‘गैरहजर’ म्हणून पडतं आणि तो आकडाही शाळेच्या विरुद्ध जातो. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी तीन वाजता, न सांगता या. ‘आहे’ आणि ‘नाही’ यापलीकडचं उत्तर मिळेल.

आता ज्या प्रश्नाला अहवालात जागाच नाही तो विचारते. आठवी झाल्यावर मुलं कुठे जातात?

आमची शाळा आठवीला संपते. नववीसाठी दुसरीकडे नाव घालावं लागतं. इथेच मुली गळतात. कुणी आईबरोबर विड्या वळायला बसते, कुणी धाकट्यांना सांभाळते, कुणी शिवणाच्या कामाला लागते. मुलगे यंत्रमागावर किंवा गॅरेजवर. आमच्या मुख्याध्यापिका आठवीच्या प्रत्येक मुलीच्या घरी जातात, आईशी बोलतात, हायस्कूलचा अर्ज स्वतः भरून देतात. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ज्या घरात हजार विड्यांमागे मजुरी मिळते तिथे या रकमेवर मुलीचं हायस्कूल ठरतं. बाई त्या परीक्षेसाठी शाळा सुटल्यावर मुलांना थांबवून शिकवतात. माध्यमिक टप्प्याच्या आधीच्या शाळेचं काम मुलाला नववीच्या दारापर्यंत सुखरूप नेणं हे आहे. आठवी पास झालेल्यांपैकी किती जण सप्टेंबरमध्ये नववीच्या वर्गात बसलेत, एवढं मोजलं तर पूर्व भागातल्या शाळांची यादी कदाचित उलटी लागेल.

समायोजनाबद्दल एकच. सहावी ते आठवीसाठी शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी हा निकष आहे, आणि सुचवलेली शाळा त्यात बसते. मधे जड वाहनांचा रस्ता आहे, ते नकाशावरच्या अंतरात दिसत नाही. मुलग्याला आई सायकल देईल. मुलीला घरी ठेवेल. मी या गल्ल्यांत वाढले आहे, मला हे माहीत आहे.

आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या छोट्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. ते २००९ मध्ये तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत गोठा आणि गोदाम यांच्या मधोमध होती. त्या वर्षी पट आणि इमारत बघून शाळेचं भवितव्य ठरवलं असतं तर? सोलापूर जिल्ह्यात बसून लहान शाळांकडे पटाच्या चष्म्यातून बघणं म्हणूनच जास्त खुपतं.

कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं हे समितीचं कामच आहे. श्रेणी देताना या समितीला एक प्रश्न विचारला गेला नाही. अहवाल आम्हाला सही करण्यापुरता दाखवला गेला. आमच्या समितीतल्या निम्म्या बायकांना त्यातली भाषा कळली नाही, आणि त्या अडाणी आहेत म्हणून नव्हे. ‘संपादणूक पातळी’, ‘निर्देशांक’, ‘गुणांकन’ असं लिहिलेलं पान मलाही दोनदा वाचावं लागलं. आपली मुलगी वाचू शकते का, शिक्षक रोज येतात का, तिला मारतात का, तिला शाळेत जावंसं वाटतं का, याची उत्तरं त्याच बायकांकडे होती.

मागण्या अशा आहेत.

समायोजनाचा प्रस्ताव एक वर्ष थांबवा आणि या वर्षात तपासणी नव्यानं करा. त्याआधी गणित-विज्ञानाचं पद भरा.

सहावीत आलेल्या प्रत्येक मुलाला जूनमध्ये एकेकटं बसवून वाचायला आणि भागाकार करायला द्या, नंतर दर मार्चमध्ये पुन्हा. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे घरोघरी जाऊन बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचून घेतात. ती पाहणी ग्रामीण भागापुरती असते, पण पद्धत शहरात वापरायला कुणाची हरकत नसावी. एका मुलाला दहा मिनिटं पुरतात. समितीतले शिकलेले पालक मदतीला येतील, मी येईन. शाळेची श्रेणी मूल किती पुढे सरकलं यावर ठरू द्या, आणि लहान वर्गासाठी तीन वर्षांचा हिशेब एकत्र धरा.

वर्षातून दोनदा न कळवता या. किमान दोन पूर्ण तासिका मागच्या बाकावर बसा. स्वच्छतागृहातला नळ स्वतः सोडून बघा. पुस्तकांचं कपाट उघडायला सांगा आणि शेवटचं पुस्तक कोणत्या मुलानं कधी नेलं ते नोंदवहीत पाहा.

शिकवलेल्या तासांची रोजची नोंद ठेवा आणि महिन्याला समितीपुढे मांडा. आठवीनंतर मुलं कुठे गेली याची यादी दर सप्टेंबरला शाळेच्या फलकावर लावा. त्यात आमच्या शाळेची लाज निघाली तरी चालेल.

अहवाल दोन पानांत, साध्या मराठीत लिहा. तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही द्या. पालकसभेत तो मोठ्यानं वाचा, आणि पालकांचं म्हणणं त्याच्यासोबत जोडल्याशिवाय श्रेणी अंतिम करू नका.

यातलं जे करता येणार नाही त्याचं कारण लेखी कळवा. जूनमध्ये शाळा उघडते, पण दाखला काढायचा की थांबायचं हे घराघरांत एप्रिलमध्येच ठरतं. म्हणून उत्तर त्याआधी हवं. ते आलं की मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवीन, आणि ज्यांना मराठी कळत नाही त्यांना तेलुगूत सांगेन.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य
पूर्व भाग, सोलापूर